सव्वादोनचा शो

पिक्चर सव्वादोनचा होता. सकाळी अकराचाही होता आणि संध्याकाळी सहाचाही होता, आणि बुधवार असल्यामुळे तिन्ही शोंना भरपूर जागा होत्या. मी सव्वादोनचा घेतला, कारण तो पाच वाजून दहा मिनिटांनी सुटत होता आणि पाच वाजता माझ्या मुलीच्या कॉलेजप्रवेशाची मुदत संपत होती. तिला हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

असं एका दमात लिहून टाकलं की फार वाईट दिसतं. त्या दिवशी ते इतकं वाईट दिसत नव्हतं. त्या दिवशी मला वाटत होतं की मी बाप आहे आणि बापाला कधी कधी कडू औषध गोड करून पाजावं लागतं. दोन वर्षं झाली आता. या दोन वर्षांत ती दुपार मी मनात इतक्या वेळा पाहिली आहे की पिक्चरपेक्षा तीच जास्त पाठ झाली.

मुलीला विशाखापट्टणमच्या एका कॉलेजात जहाजबांधणीच्या इंजिनिअरिंगला जागा मिळाली होती. नागपूरची पोरगी आणि जहाज बांधणार. उभ्या आयुष्यात तिनं समुद्र एकदा पाहिला, नववीत असताना, शाळेच्या सहलीत, तोही तीन तास. आमच्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी नाहीतर फुटाळा तलाव, आणि त्यातलं जहाज म्हणजे पायडल मारायची बदकाच्या आकाराची होडी. पण पोरीनं अकरावीपासून तेच धरून ठेवलं होतं. मी म्हणत होतो, मेकॅनिकल घे, इथंच घे. हिंगण्याला एवढ्या कंपन्या आहेत, निम्म्या ठिकाणी माझ्या ओळखी आहेत, कंपनीची बस चौकात येते. ती म्हणायची, "मले बस नाही पाहिजे, बाबा," आणि उठून जायची. तिच्या आईचा स्वभाव माझ्यासारखा आणि तिचा स्वभाव तिच्या आजोबांसारखा, त्यामुळे घरात भांडण कधी रंगतच नाही. एकजण बोलतो, बाकीचे उठून जातात.

विशाखापट्टणमची ती जागा मुदतीत पक्की केली नाही तर गेली. मग घराजवळचं कॉलेज होतंच. त्याची यादी पुढच्या आठवड्यात लागणार होती आणि तिथं तिचं नाव येणार याची मला खात्री होती.

आता मुदत तिला ठाऊक नव्हती आणि मला होती, हे कसं, ते सांगतो. फॉर्म भरताना मोबाईल नंबर माझा दिला होता. आमच्या घरात सगळ्या फॉर्मांवर माझाच नंबर असतो. गॅस, वीज, रेशनकार्ड, मुलीची शाळा, तिच्या आईचं बँकखातं, सगळं. बायको एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म तपासते, चुका काढते, पण स्वतःचा फॉर्म आला की डोळे झाकून नवऱ्याचा नंबर टाकते. ही पद्धत कोणी पाडली माहीत नाही. घरच्या कर्त्या माणसाचा नंबर द्यावा, असं आम्ही दोघंही धरून चालतो. त्यामुळे कॉलेजच्या त्या पोर्टलवर मुलीला नुसतं डोकवायचं असलं तरी आधी माझ्या फोनवर सहा आकडे यायचे. ते मी वाचून दाखवायचे, मग तिच्यासाठी दार उघडायचं.

सोमवारी दुपारी कंपनीत डबा खाताना मेसेज आला. जागा मिळाली आहे, बुधवारी पाच वाजेपर्यंत पक्की करा. मी तो दोनदा वाचला, फोन खिशात टाकला आणि भाजीत मीठ कमी आहे असं शेजारच्याला सांगितलं. संध्याकाळी घरी आलो तर पोरगी दारातच उभी. विचारलं, "बाबा, मेसेज आला का?"

मी वाकून बूट काढत होतो. बुटांकडेच पाहत म्हणालो, "नाही अजून."

एवढंच. कोणी माझ्या कपाळावर बंदूक ठेवली नव्हती. तोंडातून निघून गेलं आणि मग ते परत घ्यायचं म्हणजे खोटं बोललो हे कबूल करायचं. माझ्यासारख्या माणसाला त्यापेक्षा दुसरं खोटं बोलणं सोपं जातं.

मी चोवीस वर्षं मेंटेनन्समध्ये आहे. आमच्याकडे यंत्र दुरुस्तीला घेतलं की माणूस त्याच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवतो. मग मॅनेजर येऊन नाचला तरी यंत्र सुरू होत नाही. आत हात घातलेल्या माणसाचा जीव जाऊ नये म्हणून हा नियम. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी तो शिकवतो आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली म्हणून लोकांना शिव्याही घालतो. ते दोन दिवस फोन मी तसाच बाळगला. जेवायला बसताना खिशात, झोपताना उशाखाली. फक्त इथं कोणाचा हात यंत्रात नव्हता. मी नुसताच एक चालू स्विच बंद करून वर कुलूप लावून बसलो होतो.

पण हा पिक्चरच का, हेही सांगायला पाहिजे, कारण या सगळ्याचं मूळ त्यातच आहे.

मौद्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत एक लाकडी कपाट होतं आणि ते शनिवारी उघडायचं. त्यात मला सातवीत एक पुस्तक सापडलं. परदेशातली जुनी, नावाजलेली कादंबरी, कोणीतरी मराठीत आणलेली, पुढचा पुठ्ठा गेलेली. एका कोळ्यांच्या गावातला वारा चोरीला जातो. शिडं लोंबकळतात, होड्या जागच्या जागी उभ्या राहतात, लोक उपाशी मरायला लागतात. मग तेरा वर्षांची एक मुलगी वल्हं मारत समुद्रापार निघते, कारण तिकडच्या डोंगरावर राक्षसांनी वारा रांजणात कोंडून ठेवला आहे. सोबतीला एक बोलणारा, सर्दी झालेला बगळा. मी ते पुस्तक तीन वेळा वाचलं. त्या वेळी मीसुद्धा समुद्र पाहिलेला नव्हता.

पुढं मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी तिला मोटरसायकलवर सोडायचो. त्रिमूर्तीनगरातून तिच्या शाळेपर्यंत तीन सिग्नल. लाल दिवा लागला की मी गोष्ट सांगायचो, हिरवा झाला की थांबायचो. पहिल्या सिग्नलला होडी निघाली, दुसऱ्याला बगळा भेटला, तिसऱ्याला तुफान. पहिली आणि दुसरी अशी दोन वर्षं ती गोष्ट चालली, कारण मी मधूनमधून नवे राक्षस घालायचो. कधी कधी सिग्नल हिरवाच मिळायचा तर ती मागून माझा शर्ट ओढायची, थांबा म्हणायची. मागचे हॉर्न वाजवायचे. एकदा एका पोलिसानं बाजूला घेतलं, तेव्हा ती त्याला म्हणाली होती की राक्षस झोपले आहेत, आवाज करू नका.

म्हणजे समुद्र तिच्या डोक्यात घातला कोणी? मीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्याच कादंबरीवरचा पिक्चर आला होता. मोठ्या पडद्याचा, थ्रीडी, हिंदीत केलेला. महिनाभर वर्धा रोडवर त्याचे बोर्ड लागले होते. मंगळवारी रात्री जेवताना मी सहज म्हणाल्यासारखं म्हणालो, उद्या मी सुट्टी टाकतो, आपण तो पाहून येऊ. मुलगी लगेच हो म्हणाली. हेच मला खटकायला हवं होतं. आठ दिवस जी पोरगी माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती ती लगेच हो म्हणाली. बायको म्हणाली, मला शाळा आहे, तुम्ही दोघं जा. आणि बुधवारी दुपारी जेवायला घरी आली होती, तेव्हा मी गाडी काढत असताना फाटकाशी येऊन म्हणाली, "नीट पाहा पिक्चर." मला वाटलं, चांगलंच म्हणते आहे.

ऑगस्टचा उकाडा होता. मॉलच्या पार्किंगमध्येच माझा शर्ट पाठीला चिकटला. आत एसीत बसल्यावर घाम थांबला, पण मी थांबलो नाही. आधी खुर्ची मागं केली, मग पुढं केली. त्यांनी दिलेला काळा चष्मा माझ्या चष्म्यावर बसेना. एक कान वर, एक कान खाली. तो काढला की पडद्यावर सगळं दोन दोन दिसायचं आणि घातला की हातातलं घड्याळ दिसायचं नाही. म्हणून मी पहिला अर्धा तास चष्मा वर करून घड्याळ पाहत होतो आणि खाली करून पिक्चर पाहत होतो. मुलीनं एकदा विचारलं, डोकं दुखतं का. मी नाही म्हणालो.

जाहिराती संपून पिक्चर सुरू झाला तेव्हा दोन चाळीस झाले होते. गाव छान दाखवलं होतं. शिडं अशी लोंबत होती जशी मे महिन्यात आमच्या गच्चीवर दोरीवरची धोतरं लोंबतात. एरवी मी शहारलो असतो. लहानपणी वाचलेलं, गाडीवर सांगितलेलं, ते सगळं एवढं मोठं होऊन समोर उभं राहिलं होतं. पण माझं अर्धं मन खिशात होतं.

तीनच्या सुमारास फोन थरथरला.

मी अंग चोरून बसलो. पहिला विचार हाच आला की तिला कुठून तरी कळलं, तिनं पोर्टल उघडलं, आणि ते सहा आकडे आले. तिरप्या नजरेनं पाहिलं तर तिचे दोन्ही हात पॉपकॉर्नच्या पुड्यात. तिचा फोन पर्समध्ये, पर्स मांडीवर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पाच मिनिटांनी पुन्हा थरथरला. मी वरून तळहात दाबून धरला, जसं काही तो आवाज तिला ऐकू जाणार होता. ती पडद्याकडे पाहत होती. निदान तोंड तिकडे होतं, काळ्या चष्म्यामागचे डोळे कुठं होते ते मला कळायला मार्ग नव्हता.

आणि मग पडद्यावर ते आलं. मुलगी निघायच्या आदल्या दिवशी तिचा बाप होडीतली वल्ही काढून आणतो आणि धान्याच्या पेवात पुरतो. वर माती लोटतो, पायानं दाबतो, आणि घरात येऊन तिच्या ताटात मासा वाढतो.

हे पुस्तकात होतं. अगदी असंच होतं. सातवीत वाचताना मला त्या बापाचा राग आला होता, तोही आठवला. पण गाडीवर सांगताना मी हे गाळलं होतं. सहा वर्षांची पोर, तिला मी सांगितलं असतं की बापानं वल्ही लपवली, तर ती तिन्ही सिग्नल काहून लपवली, काहून लपवली करत बसली असती. आणि मला तरी काय उत्तर देता आलं असतं. म्हणून माझ्या गोष्टीतला बाप पहाटे उठायचा, भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून द्यायचा आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन होडी ढकलायचा. सांगता सांगता तो बाप मलाच इतका आवडायला लागला की खरा कसा होता ते मी विसरून गेलो होतो.

मुलगी माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "हे तुमी नव्हतं सांगतलं."

मी म्हणालो, "पिक्चरवाल्यांनी घातलं असेल."

ती मागं सरून बसली. पॉपकॉर्नचा पुडा तिनं माझ्याकडे सरकवला. मी मूठभर घेतले आणि ते तसेच हातात राहिले.

इंटरव्हल झाली तेव्हा तीन चाळीस झाले होते. मी आधी बाथरूममध्ये गेलो, दार लावलं आणि फोन काढला. दोन्ही मेसेज कंपनीच्या ग्रुपवरचे. कंप्रेसर पुन्हा बंद पडला आहे आणि कुणी तरी त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकलं आहे. मी सोमवारचा मेसेज उघडला. पाठ होता, तरी वाचला. पाच वाजेपर्यंत. म्हणजे एक तास वीस मिनिटं. मनाशी म्हणालो, आता बाहेर जाऊन सांगून टाकलं तरी वेळ आहे. मग म्हणालो, सांगायचं तर सोमवारी का नाही सांगितलं, हे विचारेल. मग म्हणालो, समोसे घेऊ. बाहेर कोणी तरी दार वाजवत होतं.

समोसे घेऊन आलो तर ती लॉबीत एका राक्षसाशेजारी उभी होती. पुठ्ठ्याचा राक्षस, छतापर्यंत उंच, काखेत रांजण. ती म्हणाली, फोटो काढा ना. मी म्हणालो, तुझा फोन दे. ती म्हणाली, माझ्या फोनचा कॅमेरा बरोबर नाही, तुमच्यात काढा. आणि हात पुढं केला.

माझा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. मी म्हणालो, बॅटरी संपली आहे.

सकाळी फोन चार्जिंगला लावलेला तिनं पाहिला होता. हात तसाच क्षणभर पुढं राहिला, मग तिनं समोसा घेतला. मला वाटलं, निभावलं. मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा त्यालाही असंच वाटत असणार.

इंटरव्हलनंतरचा पिक्चर मला खरोखर आठवत नाही. आवाज खूप होता. राक्षस डोंगरावरून दगड टाकत होते आणि ते दगड चष्म्यातून थेट छातीवर यायचे. मी पाय हलवत होतो. माझ्या पुढच्या खुर्चीतला एक जण वळून म्हणाला, अंकल, पैर मत हिलाओ. मी थांबवला. दुसरा हलायला लागला. चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं झाली. मी मनात सांगत होतो, पंचावन्न मिनिटं फक्त, मग काही करायचं उरतच नाही, मग माझ्या हातात काही नसेल आणि मी मोकळा होईन. संध्याकाळी घरी गेल्यावर मेसेज दाखवायचा, अरे, हा तर पाहिलाच नाही म्हणायचं, कपाळावर हात मारायचा. पोरगी रडेल. बायको चार दिवस बोलणार नाही. पुढच्या आठवड्यात इथली यादी लागेल. सगळं ठरलेलं होतं, कपाळावर हात कसा मारायचा तेसुद्धा.

आणि तरी मी तिथं बसू शकत नव्हतो.

मला भीती वाटत होती, पण पोर दूर जाईल याची नव्हती. लोकांची पोरं अमेरिकेत जातात. मला भीती होती ती घराची. माझी शिफ्ट, तिच्या आईची शाळा, आणि मध्ये ही पोर. आम्ही नवरा-बायको अठरा वर्षं जे काही बोललो ते तिच्याबद्दल बोललो. ती गेली की रविवारी सकाळी पोहे घेऊन समोरासमोर बसल्यावर आम्ही काय बोलणार होतो, मला माहीत नव्हतं. आणि मी हे कोणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. मी आपला सगळ्यांना सांगत होतो की जहाजबांधणीत नोकऱ्या नाहीत.

मग बगळ्याला शिंक आली.

म्हणजे येणार होती. राक्षस झोपलेले आहेत, मुलगी रांजणाच्या झाकणाला हात घालते आहे, बगळा तिच्या खांद्यावर. सगळं थिएटर चिडीचूप. आणि माझी मुलगी हसली. शिंक अजून आलेली नव्हती. बगळ्यानं अजून मानसुद्धा वर केली नव्हती. तिला ठाऊक होतं, कारण तिसऱ्या सिग्नलला, बारा वर्षांपूर्वी, मी मोटरसायकलवर मान मागं टाकून ती शिंक काढली होती आणि ती माझ्या पाठीवर डोकं आपटून आपटून हसली होती. मग बगळा शिंकला आणि सगळं थिएटर हसलं. ती तोपर्यंत हसून गप्प झाली होती.

मला अजूनही नक्की सांगता येत नाही की मी उठलो ते चांगुलपणानं उठलो की नुसतं सहन झालं नाही म्हणून. मी तिचा दंड धरला आणि म्हणालो, "बाहेर ये."

"आत्ता?"

"आत्ताच."

लोकांच्या पायांवरून, खाली ठेवलेल्या पुड्यांवरून आम्ही बाहेर आलो. लॉबीत एक बाई फरशी पुसत होती, बाकी कोणी नव्हतं. मी फोन काढला, उघडला, सोमवारचा मेसेज समोर आणला आणि तिच्यापुढं धरला. म्हणालो, "सोमवारीच आला होता. तुले सीट भेटली. आज पाच वाजेपर्यंत आहे. मी मुद्दाम नाही सांगतलं."

तिनं फोन घेतला नाही. काळा चष्मा डोक्यावर सरकवला आणि म्हणाली, "माहीत आहे मले."

मला आधी समजलंच नाही. तिनं मग सांगितलं. सोमवारी रात्री मला झोप लागल्यावर बायकोनं अलार्म लावायला माझ्या उशाखालचा फोन घेतला होता आणि तिला मेसेज दिसला. मंगळवारी सकाळी मी आंघोळीला गेलो तेव्हा दोघी ओट्यापाशी उभ्या राहिल्या, पोर्टल उघडलं, सहा आकडे आले, जागा पक्की केली. फीसुद्धा भरली. बँकेतून त्यासाठी आलेले दुसरे सहा आकडेही माझ्याच फोनवर आले होते. मग नंतरचे सगळे मेसेज पुसून सोमवारचा तेवढा ठेवला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. मी तेव्हा अंगाला साबण लावत होतो.

खोटं कशाला बोलू, मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच राग आला. घरातल्या दोघींनी मिळून मला दोन दिवस खेळवलं याचा राग. तो राग येण्याचा मला किती हक्क होता हे आता कळतं. तेव्हा मी आवाज चढवून विचारलं, "मंग पिक्चरले काहून आली?"

फरशी पुसणाऱ्या बाईनं वळून पाहिलं.

मुलगी म्हणाली, "तुमी सांगता का नाही, ते पाहाचं होतं."

ती पुढं सांगत राहिली, माझ्याकडे न पाहता, चष्म्याची दांडी उघडत आणि मिटत. आई म्हणाली होती की नाही सांगणार. ती स्वतः म्हणाली होती की सांगतील, पाचाच्या आत सांगतील, मी ओळखते बाबांना. वल्ह्यांच्या वेळी तिला वाटलं, आता. इंटरव्हलला फोन मागितला तेव्हा वाटलं, आता तर नक्की. बॅटरीचं ऐकल्यावर तिला तो समोसा गिळेना. त्यानंतर ती पडद्याकडे कमी आणि माझ्या हलणाऱ्या पायाकडे जास्त पाहत होती. मी इतका वेळ समजत होतो की घड्याळ मी एकटाच पाहतो आहे.

मला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय तिथून हलताही येत नव्हतं. म्हणालो, "अन् नसतं सांगतलं तर?"

तिनं थोडा विचार केला. रडली नाही, रागावलीही नाही. गाडी कोणत्या प्लॅटफॉर्मवर लागते ते सांगावं तशी म्हणाली, "गेली तर असतीच. फक्त मंग सुट्टीत घरी आली नसती."

आतून टाळ्यांचा आवाज आला. वारा सुटला असावा. ती म्हणाली, चला, शेवट राहून जाईल, आणि दार ढकलून आत गेली. मी लगेच गेलो नाही. फोन हातात उघडाच होता, त्यात चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. अजून बत्तीस मिनिटं मी गप्प बसून राहिलो असतो तर माझ्या हातून माझी पोर गेली असती, आणि घरी जाऊन मी तिच्या आईला सांगितलं असतं की पिक्चर छान होता.